पत्ता उजव्या कोपऱ्यात

हल्ली मला शाळांमधून बोलावतात. इंटरनेटवर कसं बोलावं, कुणाला काय सांगू नये, यावर मुलांना चार शब्द सांगा म्हणतात. मी जाते. नाव, पत्ता, फोन नंबर अनोळखी माणसाला द्यायचा नाही, कुणी त्रास दिला तर त्याला उत्तर न देता त्याच दिवशी घरी सांगायचं, असं सगळं सांगते. मुलं ऐकून घेतात, त्यांना ते माझ्याहून जास्त माहीत असतं. मागे एका बाईंनी चहाच्या वेळी विचारलं, मॅडम, तुम्ही इतक्या कळकळीनं कसं सांगता हो? मी काहीतरी थातूरमातूर उत्तर दिलं. खरं उत्तर मी आजवर कुणालाच दिलेलं नाही. ज्यांना द्यायला हवं होतं ते अण्णाही आता नाहीत.

अण्णा म्हणजे आमचे वडील. शेवगावला शाळेत मराठी शिकवायचे. अर्ध्या गावाला त्यांनी पत्र लिहायला शिकवलं असेल. वर उजव्या कोपऱ्यात लिहिणाऱ्याचं पूर्ण नाव, त्याखाली गल्ली, मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा, मग तारीख. मग मायना, मजकूर, आणि शेवटी घरातल्या थोरांना सा. नमस्कार, लहानांना आशीर्वाद. मजकूर कसाही असला तर ते एक-दोन गुण कापायचे. पण कोपरा रिकामा दिसला की वही परत. आम्ही दोघी बहिणी आजोळी मामाला पत्र लिहायचो तेव्हा तो शाळेसाठी आमच्याच घरात राहिलेला असूनही त्याला जिल्ह्यासकट पत्ता कळवायचो. मामा फार चेष्टा करायचा.

अण्णांच्या या हट्टामागे कारण होतं. आमच्या आजोबांना गावात कधी कुणी पूर्ण नावानं हाक मारली नाही. अर्धंच नाव, तेही मोडून, आणि सरकारी कागदावरसुद्धा तेच मोडकं नाव चढलेलं. धर्मांतर झालं, अण्णा शिकले, मास्तर झाले, आणि घर बांधल्यावर भिंतींना गिलावा व्हायच्या आधी त्यांनी दारावर नावाची पाटी लावली. आडनावासकट. बदलून घ्या, पोरींना पुढे सोपं जाईल, असं सांगणारे भेटले होते. अण्णा म्हणायचे, नाव लपवायचं नाही. आपण कुणाचं काही चोरलेलं नाही. निनावी पत्राची तर त्यांना किळस होती. गल्लीतल्या एका मुलीचं जमलेलं लग्न तसल्या पत्रानं मोडलं होतं, तेव्हा ते दोन दिवस धड जेवले नव्हते.

हे इतकं लांबण लावून सांगतेय, कारण मला स्वतःचा बचाव करायचा आहे. वाचणाऱ्याला ते कळेलच, तेव्हा आधीच कबूल करते.

धाकटी माझ्याहून दोन वर्षांनी लहान. बारावी सायन्सला होती आणि तिला पुण्याला जाऊन नर्स व्हायचं होतं. आईचं ऑपरेशन झालं तेव्हा ती आठ दिवस दवाखान्यात राहिली होती, तिथून हे वेड घेऊन आली. एक थर्मामीटर मिळवला आणि गल्लीत कुणी नुसतं शिंकलं तरी ही हजर. वहीच्या पाठच्या पानावर कुणाला किती ताप, किती वाजता, हे लिहून ठेवायची. म्हाताऱ्या बायका मुद्दाम हात पुढे करायच्या. आई म्हणायची, "हिला आजारी माणूस दिसलं की लई आनंद व्हतो." अण्णांनी शब्द दिला होता, मार्क पाड, मी पाठवतो.

मी नगरला होस्टेलवर राहून कॉम्प्युटरचा डिप्लोमा करत होते. नव्वदचं दशक संपायला दीड-दोन वर्षं उरली असतील. आमच्या नात्यागोत्यात कॉम्प्युटरला हात लावलेली मी पहिली, त्यामुळे मला चांगलीच शिंगं फुटली होती. दिवाळीनंतर धाकटी अण्णांची परवानगी काढून सकाळच्या एसटीनं नगरला आली. तिला गाईड घ्यायची होती, आणि मला तिला इंटरनेट दाखवायचं होतं. म्हणजे खरं तर स्वतःला दाखवायचं होतं.

दिल्ली दरवाज्याच्या अलीकडे एका बोळात, जिन्यानं वर गेलं की सायबर कॅफे होता. दारात चपला काढायच्या, कारण धुळीनं मशीन बिघडतात. आत प्लायवूडच्या फळ्या लावून केलेले कप्पे. धाकटीनं ओढणी नीट केली आणि देवळात शिरावं तशी आत आली. मी खुर्चीवर बसले, ती शेजारी स्टुलावर. फोनची लाईन किंचाळून जोडली गेली आणि बऱ्याच वेळानं चॅटची खोली उघडली. वरून खाली नावं धावत होती. राजा, रोमियो, काळा घोडा, असली. एकही माणसाचं खरं नाव नाही.

"ताई, आपनबी काहीतरी ठेवू की. चांदणी ठेव," ती म्हणाली.

मी तिला झापलं. "खोटं नाव कशाला? आपण काय चोर आहोत? अण्णांना सांगू का, नाव लपवलंस म्हणून?"

मी तिचं पूर्ण नाव टाकलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. माझं नाही, तिचं. गंमत तिची होती ना. लगेच कुणीतरी विचारलं, वय काय, मुलगी की मुलगा, गाव कोणतं. आता आमच्याकडे असं कुणी विचारलं तर त्याला सांगायचं असतं. न सांगणं म्हणजे माजोरीपणा. पाणी प्यायला कुणाच्या ओसरीवर बसलं तरी आधी कोण, कुठले, कुणाचे, हे सांगून मग तांब्या हातात घ्यायचा. मी मान ताठ करून टाइप करायला लागले. नाव, वय, वडील म्हणजे अण्णा शिक्षक, गल्ली, मुक्काम पोस्ट शेवगाव, तालुका, जिल्हा, आणि आज ताईकडे नगरला आलेय हेसुद्धा. धाकटीनं माझं मनगट धरलं.

"एवढं नको गं ताई. कोन हाय ते आपल्याला ठावं तरी हाय का?"

"विचारल्यावर न सांगणं बरं दिसतं का?" मी म्हणाले आणि तिचा हात बाजूला केला. तो हात बाजूला करणं मला आजही आठवतं. जोरानंही नव्हतं, माशी उडवावी तितकंच.

समोरून उत्तर आलं. इंग्रजी अक्षरांत, पण स्वच्छ मराठी. मी पुण्याला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तुझ्या ताईचीच मैत्रीण समज. धाकटी स्टुलावरून उठूनच उभी राहिली. नर्सिंगला जायचं असल्याचं तिनं मला सांगायला लावलं होतं आणि चार ओळींत ही मुलगी हजर. आज कुणीही म्हणेल, त्यातच काय ते कळायला हवं होतं. आम्हाला वाटलं, योग आहे. मी निरोप घेताना सवयीनं जय भीम लिहिलं. तिकडूनही जय भीम आलं, आणि खाली, अण्णांना सा. नमस्कार.

तिथं मी विरघळले. एसटीत शेजारी बसलेल्या बाईला मी चार प्रश्नांत तिचं माहेर, सासर, आणि आमच्यातले तिचे पाहुणे कोण, हे विचारून घेतलं असतं. तशी आमची रीतच आहे. सांगायची अर्धी रीत मी पाळली आणि विचारायची अर्धी सोडून दिली. ज्याला थोरांना नमस्कार घालता येतो तो माणूस चांगल्या घरातलाच असणार, असं मी धरून चालले. चॅटवरच्या त्या मुलीनं पुढे लिहिलं, फॉर्मची माहिती पोस्टानं पाठवते, काही लागलं तर फोन कुठे करू? आमच्या घरी फोन नव्हता. समोरच्या टेलरकाकांचा नंबर आम्ही सगळ्या अर्जांवर पी. पी. म्हणून लिहायचो, म्हणजे शेजारच्यांचा फोन, त्यांनी हाक मारून बोलवायचं. तोही दिला.

एसटी स्टँडवर धाकटी म्हणाली, "सांगितलं ते बरं केलं का गं?" आणि मग स्वतःच, "पन फॉर्मचं कळंल आता." खिडकीतून हात हलवताना ती खूष होती.

पंधरा दिवसांनी पाकीट आलं. कोणते दाखले लागतात, कितव्या महिन्यात अर्ज निघतात, सगळं हातानं लिहिलेलं आणि बरोबर. धाकटीनं आभाराचं पत्र लिहिलं. पाकिटावर कुठल्याशा लॉजचा पत्ता होता, तिला वाटलं होस्टेलचंच नाव असेल. मग फोन सुरू झाले.

तिनं मला होस्टेलवर पत्र पाठवलं. ते माझ्याकडे नाही, मी फाडून टाकलं, पण मजकूर पाठ आहे. ताई, ती मुलगी नाही, माणूस आहे. दुकानात काका आणि दोन गिऱ्हाईकं उभी असतात आणि तो फोनवर घाण बोलतो. मी हो नाही एवढंच म्हणते आणि ठेवते. ठेवला की पुन्हा करतो. काका विचारतात कोण आहे. मी मैत्रीण सांगते. काय करू ते कळव.

मी काय करायला हवं होतं ते मी आता शाळाशाळांतून सांगते. त्याच दिवशी एसटी पकडून घरी जायचं आणि अण्णांसमोर उभं राहायचं. एवढंच. रागावले असते, दोन दिवस बोलले नसते, मग टेलरकाकांना जाऊन सांगितलं असतं आणि पुढचा फोन त्यांनीच उचलला असता. पण अण्णांनी विचारलं असतं, पत्ता कुणी दिला? आणि मग माझं होस्टेल, माझा डिप्लोमा. ही भीती मला तेव्हा स्पष्ट कळत होती. त्या भीतीला मी दुसरी काही नावं देऊन बसवलं, की त्यांना कशाला काळजी, की थांबेल आपोआप.

मी कॅफेत गेले आणि त्याच चॅटच्या खोलीत त्या माणसाला लिहिलं. तेही कसं, तर अत्यंत सभ्य. कृपया माझ्या बहिणीला दूरध्वनी करू नये, तिची परीक्षा जवळ आली आहे. खाली माझं पूर्ण नाव. अशा माणसाला मी परीक्षा जवळ आल्याचं कळवलं. त्याचं उत्तर आलं, ठीक आहे, फोन नाही करत, पत्र लिहीन.

त्यानं पाकीट वापरलं नाही. पोस्टकार्डं पाठवली. एकामागून एक तीन. पोस्टकार्ड पोस्टातून दारापर्यंत येईतो किती डोळ्यांखालून जातं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

अण्णांचा होस्टेलच्या फोनवर निरोप आला, घरी ये. मी दुपारी पोचले. आई भिंतीला टेकून बसली होती. धाकटी दाराशी उभी. अण्णांनी कार्डं सतरंजीवर ओळीनं मांडली होती, पेपर तपासायला मांडावेत तशी. मी वाचली. नगरला आपण भेटलो तो दिवस मी विसरणार नाही. तू दिलेलं वचन लक्षात ठेव. माझ्याशिवाय कुणाशी बोलायचं नाही. शेवटी तिन्हींवर, तुझ्या अण्णांना सा. नमस्कार कळव.

"अक्षर चांगलं आहे," अण्णा म्हणाले. "मायना बरोबर आहे. फक्त वर पत्ता नाही."

त्यांचा आवाज चढला असता तर मला बरं वाटलं असतं. ते वर्गात शिकवताना बोलायचे तसंच बोलत होते.

"त्या दिवशी नगरला कुणाला भेटलीस?" त्यांनी धाकटीला विचारलं.

"ताईला."

"आणखी?"

"कुनाला न्हाई, अण्णा."

एरवी ते लगेच म्हणाले असते, कुणाला नाही, असं म्हण. त्या दिवशी त्यांनी सुधारलं नाही.

"मग याला आपला पत्ता कुणी दिला?"

मी तोंड उघडलं होतं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आले. ते खरं नाही. मी सतरंजीच्या किनारीकडे बघत होते. धाकटीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर अण्णांना कळलं असतं, म्हणून तिनं पाहिलं नाही.

"मीच दिला," ती म्हणाली.

अण्णांनी कार्डं गोळा केली, कडा जुळवल्या आणि कपाटात ठेवली. त्यांनी तिला मारलं नाही, एक वाईट शब्द काढला नाही. फक्त म्हणाले, "परीक्षा दे. पुढचं पुण्याचं राहू दे." आई पदराआड रडायला लागली. संध्याकाळी टेलरकाका येऊन बसले. चांगला माणूस, आम्हाला अंगाखांद्यावर खेळवलेला. म्हणाले, "गुरुजी, मी कुनाला काय बोललो न्हाई. पन लोकं बोलत्यात. मास्तरनी एवढं शिकवलं, हेच्यासाठी का म्हनत्यात. लवकर उजवून टाका."

ते वाक्य अण्णांना कुठं लागलं असेल ते मला ठाऊक आहे. एवढं शिकवलं, हेच्यासाठी का. ज्या नावाची पाटी लावायला त्यांना अर्धं आयुष्य लागलं, ते नाव लोकांनी आता कसं घ्यायचं याची त्यांना भीती बसली. आणि दुसरीही एक साधी भीती होती, तो माणूस पुण्यातच कुठेतरी आहे आणि पोरगी तिथं एकटी राहणार. मी त्यांना जुनाट बाप म्हणून मोकळी होऊ शकत नाही. ते घाबरलेले होते आणि त्यांना अर्धीच गोष्ट माहीत होती. उरलेली अर्धी माझ्याजवळ होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं. आम्ही दोघी हंडे लावून उभ्या होतो. मी म्हणाले, मी आज अण्णांना सांगते. मनापासून म्हणाले की ती नको म्हणेल या खात्रीनं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तिनं हंडा सरकवला, दुसरा लावला. "सांगून काय व्हईल? आता तुझंबी बंद करत्याल. एकीचं तरी राहू दे."

"तू चिडत का नाहीस माझ्यावर?"

"चिडले हाय की," ती म्हणाली. "पन तू माझी ताई हाय. मंग काय करू?"

आणि हंडा कमरेवर घेऊन घरात गेली. मी सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, मी नगरला परत निघाले त्या दिवशी नाही, आणि पाहुणे तिला बघायला आले त्या दिवशीही नाही.

मे महिन्यात तिचं लग्न झालं. खर्ड्याकडचं स्थळ, माणसं बरी, घरी थोडी जमीन, मुलगा ट्रॅक्टर चालवायचा. तिचा निकाल लग्नानंतर लागला. फर्स्ट क्लास होता. गुणपत्रक आणायला अण्णा गेले आणि घरी येऊन ते आईच्या हातात देऊन मागच्या दारी जाऊन बसले. मी तिला खर्ड्याला पत्रं लिहिली. तिनं एकच उत्तर पाठवलं, की इथं पत्र आलं की आधी दीर वाचतात, मग सासरे, मग माझ्याकडे येतं, तेव्हा खुशालीपलीकडे काही लिहू नकोस.

पुढच्या वर्षी मला पुण्यात नोकरी लागली, कॉम्प्युटरवरचीच. अण्णांना तो आनंद कुठं ठेवू असं झालं. पेढे घेऊन ते मला खर्ड्याला घेऊन गेले. ओसरीवर सासरे बसले होते, चुलत सासरे बसले होते, शेजारचे दोघे आले होते. धाकटी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. डोक्यावरून पदर, पोटात सातवा महिना. थकल्यासारखी दिसत होती. अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. लहानपणानंतर पहिल्यांदाच ठेवला असेल.

"ही माझी थोरली," ते सगळ्यांना म्हणाले. "हिनं मला कधी मान खाली घालायला लावली नाही."

ओसरीवरची माणसं माना डोलावत माझ्याकडे बघू लागली. धाकटी तांब्या घेऊन तशीच उभी होती. सासरे म्हणाले, "सूनबाई, पेढा घे की, तुझ्या बहिनीचा हाय." मी डबा तिच्यापुढे धरला. तिनं तांब्या खाली ठेवून एक पेढा उचलला, अर्धा मोडला, म्हणाली, "आधी ताईला," आणि सगळ्यांसमोर माझ्या तोंडाजवळ आणला.

मी तो खाल्ला.